अपसामान्य मानसशास्त्र : साखळ्या, शॉक, गोळ्या आणि गप्पा

मेडिकलवाला (धागाकर्ता)

'डिप्रेशन ही सगळी शहरी थेरं' या धाग्यावर मध्यंतरी बराच धुरळा उडाला. निम्मे लोक म्हणत होते, हे नुसतं मनाचं दुबळेपण. उरलेले म्हणत होते, हा मेंदूतल्या रसायनांचा खेळ, विषय संपला. दोन्ही पार्ट्यांना जरा मागे फिरवून आणावं म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. सिडकोत औषधाचं दुकान आहे आणि हौसेनं बाहेरून मानसशास्त्रात एम. ए. केलंय. या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आलेलं गिऱ्हाईक मला लांबूनच ओळखू येतं. काउंटरला गर्दी असली की ते बाजूला उभं राहतं, मोबाईल बघतं. क्रोसिनवाला, डायपरवाला निघून गेला की घडी घातलेली चिठ्ठी पुढे सरकवतं आणि हळूच म्हणतं, "खाकी पाकिटात द्या." शुगरच्या गोळ्या आजवर कोणी खाकी पाकिटात मागितलेल्या नाहीत.

तर पहिला मुद्दा, अपसामान्य म्हणायचं कशाला? पुस्तकात चार निकष असतात. वागणं चारचौघांपेक्षा फार वेगळं असणं, त्यातून त्या माणसाला क्लेश होणं, रोजचं काम अडणं, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असणं. यातला एकटा कुठलाच निकष पुरत नाही. नुसत्या वेगळेपणावर जायचं तर सचिन तेंडुलकरही अपसामान्यच.

चैत्रात वणीच्या गडावर गेलात तर बायकांच्या अंगात आलेलं दिसतं. केस सुटलेले, घुमणं, आवाज बदललेला. नव्या माणसाला धडकीच भरते. पण थोड्या वेळानं तीच बाई केस बांधते, पोरांना भेळभत्ता चारते आणि नांदुरीला उतरायच्या गाडीत जागेवरून कंडक्टरशी भांडते. तिचं काही अडलेलं नाही, तिच्या माणसांना त्याचा अर्थ माहीत आहे, आजार म्हणायचं कारण नाही. आता दुसरीकडे बघा. हुशार पोरगा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. महिनोन्महिने खोलीबाहेर येत नाही, आंघोळ सोडलीय, पंख्याच्या घरघरीत त्याला शेजारी शिव्या देताना ऐकू येतात. तो आरडाओरडा करत नाही म्हणून घरचे निर्धास्त. धावपळ करायची ती खरी इथे.

आता इतिहास. माणसानं वेडाचं कारण तीन ठिकाणी शोधलं: बाहेरच्या शक्तीत, शरीरात आणि माणसाच्या मनात-आयुष्यात. कारण जिथे सापडलंसं वाटलं, उपचारही तिथेच गेला. एवढं धरून ठेवलं की सनावळ्या आपोआप जागेवर बसतात. आणि गंमत म्हणजे तिन्ही उत्तरं आजही आपल्या नाशिक जिल्ह्यात एकाच वेळी चालू आहेत, पुष्कळदा एकाच घरात.

बाहेरच्या शक्तीचं सगळ्यांना ठाऊक आहे. अश्मयुगातल्या भोकं पाडलेल्या कवट्या सापडल्यात. भूत बाहेर काढायला भोक पाडलं असं पुस्तकं सांगतात. मला स्वतःला वाटतं, निदान काही भोकं डोक्याला मार लागल्यावर हाडाचे तुकडे काढायला पाडली असणार. आयुर्वेदाच्या आठ अंगांत भूतविद्या हे एक अंग आहेच. पण त्याच परंपरेत चरक उन्मादाचे पाच प्रकार सांगतो आणि त्यातले चार वात, पित्त, कफ आणि तिन्हींच्या संगनमताचे, म्हणजे शरीरातले. पाचवा तेवढा बाहेरून आलेला. उपचारही तो तीन प्रकारचे सांगतो: मंत्र-बली-होम वगैरे दैवव्यपाश्रय, औषध-आहाराचा युक्तिव्यपाश्रय, आणि अहितकारक गोष्टींपासून मनाला आवरायचं तो सत्त्वावजय. पूजा, गोळी आणि समुपदेशन, तिन्ही एका वाक्यात!

ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेनं अपस्माराला 'पवित्र रोग' म्हणायला नकार दिला आणि शरीरातल्या चार रसांवर बोट ठेवलं. मग युरोपात गाडी पुन्हा सैतानाकडे वळली. लंडनची बेथलेम नावाची संस्था १२४७ साली स्थापन झाली, पुढे तिथे वेड्यांना ठेवू लागले आणि अठराव्या शतकात लोक तिथे वेडे बघायला, करमणुकीला जात. फ्रान्समध्ये साखळ्या काढल्या त्या डॉक्टर फिलिप पिनेलनं, असं चित्रांत दिसतं. प्रत्यक्षात बिसेत्रच्या रुग्णालयात साखळ्या काढायला लावणारा माणूस होता तिथला व्यवस्थापक पुसँ. तो स्वतः आधी त्याच रुग्णालयात रुग्ण म्हणून दाखल होता. चित्र मात्र साहेबाचं! इंग्लंडात १७९६ साली चहाचा व्यापारी विल्यम ट्यूक यानं यॉर्कला घरासारखी जागा काढली. मोकळी हवा, काम, माणुसकीचं बोलणं. गुण येत होता. पण पुढे वेड्यांची इस्पितळं एवढी मोठी झाली, एवढी भरली, की माणुसकीला वेळच उरला नाही.

आपल्याकडे कंपनी सरकारनं इस्पितळं काढली, मग इंग्रज सरकारनं १८५८ साली कायदा केला, १९१२ साली दुसरा. आज महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. नाशकात नाही. म्हणून तर आपल्याकडे "याला ठाण्याला पोचवा रे" असा विनोद चालतो.

शरीराच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा आला उपदंशातून, म्हणजे सिफिलिसमधून. इस्पितळं एका विचित्र वेडानं भरलेली असत: आधी बढाया, मग लकवा, मग मृत्यू. १९१३ साली नोगुची आणि मूर यांना अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दिसले. म्हणजे एका वेडाचं तरी कारण चक्क सूक्ष्मदर्शकाखाली सापडलं. व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेगनं १९१७ मध्ये त्यावर मलेरियाचा ताप मुद्दाम चढवायचा उपाय केला आणि १९२७ साली नोबेल घेतलं. पुढे पेनिसिलिन आलं आणि तो आजारच मागे पडला. पण त्या यशानं सगळ्यांना चेव चढला. इन्सुलिन देऊन बेशुद्ध करणं, १९३८ साली रोममध्ये विजेचा झटका, १९३५ पासून मेंदूचा पुढचा भाग कापणं. त्या कापाकापीलाही १९४९ साली नोबेल मिळालं, हे वाचून मी पुस्तक मिटून चहा प्यायला गेलो होतो.

आणि आता माझ्या धंद्यातला आवडता भाग. ही औषधं कोणी हिशेब मांडून शोधलेली नाहीत. ऑस्ट्रेलियात जॉन केडला १९४९ साली अतिउत्साहाच्या झटक्यांवर लिथियमचा गुण दिसला तो भलताच तर्क तपासताना. क्लोरप्रोमाझिन शस्त्रक्रियेच्या भुलीला मदत म्हणून आलं आणि १९५२ साली पॅरिसला मनोरुग्णांवर लागू पडलं. टीबीवरचं इप्रोनियाझिड दिलेले रुग्ण वॉर्डात खुशीत दिसायला लागले, त्यातून उदासीवरच्या गोळ्यांची वाट निघाली. आणि आपली सर्पगंधा! बिहारकडे ती 'पागल की दवा' म्हणूनच विकली जायची. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्यावर लिहिलं: वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरचा अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं आणि ते अमेरिकेच्या मनोरुग्णालयांत पोचलं. पण ते घेणाऱ्या काहींना घोर उदासी आली. त्यावरूनच शास्त्रज्ञांना सुचलं की मेंदूतली काही रसायनं कमी झाली की मन खचत असेल. 'केमिकल लोचा' म्हणतात त्याचं एक मूळ असं आपल्या मातीतल्या मुळीत आहे.

मनाच्या बाजूबद्दल, म्हणजे फ्रॉइडपासून पुढे, इथल्या समुपदेशक मंडळींनी लिहावं. माझं टंकून बोट दुखलं.

जुना_पंचवटीकर

लेख छान, पण आमच्या लहानपणी हे असलं काही नव्हतं बुवा. वाड्यात चाळीस माणसं, कोणाला नैराश्य येणार? यायला जागाच नव्हती.

गोदाकाठची_मनू

काका, वाड्यात वरच्या खोलीतले एक काका असायचेच की. ज्यांना ताट वर पाठवायचे आणि पाहुणे आले की दाराला कडी लावायची. ते मोजलेत का चाळिसात?

जुना_पंचवटीकर

होते. आमच्याकडे आत्या होती. मुद्दा मान्य.

संशयात्मा

मेडिकलवाले भाऊ, तुम्ही इतिहास सांगताना एक बाजू सोयीस्करपणे गाळलीत. 'आजार' ठरवणारे कोण? १८५१ साली अमेरिकेत कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं गुलामांनी पळून जाणं हाच मानसिक रोग ठरवला होता. समलैंगिकता १९७३ पर्यंत अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत रोग म्हणून होती, मग मतदानानं निघाली. क्षयाचा जंतू कधी मतदानानं गेलाय? त्याच १९७३ साली रोझेनहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग छापून आला: त्यानं मनोरुग्णालयांत धडधाकट माणसं पाठवली, 'आवाज ऐकू येतात' एवढंच खोटं सांगायला लावलं, आणि सगळी दाखल झाली. वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्याला ज्यांना ओळखता येत नाही, त्यांच्या हातात आपली डोकी द्यायची?

मेडिकलवाला

गुलामांचं आणि समलैंगिकतेचं शंभर टक्के मान्य, आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला सांगितलं पाहिजे. तिथे 'चारचौघांपेक्षा वेगळं' हा एकच निकष धरला आणि चारचौघं कोण ते सत्तेनं ठरवलं. क्लेश समाजानं दिला आणि रोगी त्या माणसाला ठरवलं.

रोझेनहानचं मात्र जपून. २०१९ साली सुझाना कॅहॅलन या पत्रकार बाईंनी त्याची कागदपत्रं उकरली. बरेचसे खोटे रुग्ण सापडलेच नाहीत आणि जे सापडलं त्यात तपशील फिरवलेले दिसले. शिवाय मी उद्या पोटात असह्य दुखतंय असं खोटं सांगून ॲडमिट झालो तर त्यावरून पोटाचे आजारच नसतात असं ठरत नाही. पण त्या गदारोळाचा फायदा झाला. १९८० साली अमेरिकन यादीची तिसरी आवृत्ती आली तिच्यात प्रत्येक आजाराची लक्षणं किती आणि किती काळ असावीत हे लिहून काढलं. आता पाचवी आवृत्ती चालू आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी यादी २०२२ पासून लागू झालीय. दोन्ही परिपूर्ण नाहीत. रक्त तपासून नैराश्य सांगता येत नाही, हे खरंच आहे.

कावेरी_सातपूर

मी इथे फक्त वाचायला येते, आज लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. बारावीनंतर सुरू झालं. आधी आम्ही हरसूलकडच्या एका भगताकडे गेलो. उतारा, कोंबडं, अंगारा सगळं झालं. मग कोणी सांगितलं म्हणून त्र्यंबकला पूजा केली. मग एका सरकारी दवाखान्यात. इथले हुशार लोक भगताला हसतील, पण एक सांगू? तो भगत आम्हाला अंगणात बसवून तासभर ऐकून घ्यायचा. कधीपासून, काय खातो, कोणाला घाबरतो, सगळं विचारायचा. दवाखान्यात दोन मिनिटं, चिठ्ठी, पुढचा. आई म्हणायची, "इथं कुणी विचारतच नाही गं."

तरी गुण आला तो गोळ्यांनीच. आवाज कमी झाले, झोपू लागला. मग बरं वाटतंय म्हणून आम्हीच बंद केल्या आणि दिवाळीत पुन्हा पहिल्यापासून. आता आवाज नाहीत, पण तो बोलत नाही, हसत नाही, दिवसभर पडून असतो. नातेवाईक म्हणतात आळशी झालाय, गोळ्यांनी बधिर झालाय. हे आजारामुळे का गोळ्यांमुळे, कोणी सांगेल का?

निवासी_डॉक्टर

कावेरीताई, मी मानसोपचार शाखेत शिकतोय. तुमच्या भावाला तपासल्याशिवाय नक्की सांगणं चूक होईल, पण दोन्ही शक्यता खऱ्या असतात. स्किझोफ्रेनियात भास-संशय ही 'जास्तीची' लक्षणं आणि उत्साह, बोलणं, भावना आटणं ही 'उणी' लक्षणं. जास्तीची लक्षणं औषधानं बऱ्यापैकी आटोक्यात येतात, उणी चिवट असतात. दुसरीकडे काही गोळ्यांनी अंग जड होतं, चेहरा लाकडासारखा होतो, आणि ते डोस किंवा औषध बदलून सुधारता येतं. पुढच्या भेटीत हे जसं लिहिलंत तसंच कागदावर लिहून न्या. दोन मिनिटांत तोंडानं सांगायचं राहून जातं.

दुसरं, घरातलं बोलणं. लंडनला जॉर्ज ब्राउन यांनी असं पाहिलं की दवाखान्यातून घरी गेल्यावर ज्या घरात सतत टीका, चिडचिड किंवा गुदमरवणारी काळजी असते तिथे आजार लवकर उलटतो. "उठ की रे आळशा" हे वाक्य त्यामुळे निरुपद्रवी नाही. छोटं, ठरलेलं, रोजचं एक काम द्या. दूध आणणं, कुंड्यांना पाणी. एवढंच.

आणि पंचवटीकर काकांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं साठच्या दशकापासून निरनिराळ्या देशांतले स्किझोफ्रेनियाचे रुग्ण पाहिले, त्यात आपलं आग्रा होतं. श्रीमंत देशांपेक्षा भारतासारख्या देशांतल्या रुग्णांची पुढची वाटचाल बरी दिसली. कुटुंब, काम, सामावून घेणं अशी कारणं सुचवली गेली. त्यावर वाद आहेत, पण चाळीस माणसांच्या वाड्याचा उपयोग होत असावा. दाराला कडी न लावता.

भो_नाशिककर

काय भो, शॉकबद्दल कोणी बोलंना. सिनेमात दाखवतात तसं बांधून, तोंडात बोळा कोंबून देतात का अजून?

निवासी_डॉक्टर

नाही. आता रुग्णाला थोड्या मिनिटांची भूल देतात, स्नायू सैल करणारं औषध देतात, त्यामुळे अंग फेकलं जात नाही. भूल न देता शॉक देणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सरळ बंद केलंय, आणि लहान मुलांना द्यायचा तर पालकांची संमती आणि त्या कायद्याखालच्या मंडळाची परवानगी लागते. त्याच कायद्यानं साखळीनं बांधणंही कुठल्याही स्वरूपात बंद आहे. त्याची पार्श्वभूमी माहीत असावी: ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी इथे एका खासगी आसऱ्याला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं गेली. पिनेलच्या दोनशे वर्षांनंतर.

शॉक कोणाला? अन्नपाणी सोडलेलं तीव्र नैराश्य, पुतळ्यासारखं ताठरून राहणं, जिवावर बेतलेली स्थिती. तिथे तो गोळ्यांपेक्षा लवकर काम करतो. काही काळ विसरायला होतं, हा त्याचा खरा तोटा आहे आणि तो आधी सांगितला पाहिजे.

समुपदेशक_गंगापूररोड

मनाची बाजू मी घेते. फ्रॉइड आणि ब्रॉयर यांनी १८९५ मध्ये हिस्टेरियावर लिहिलं तेव्हापासून 'बोलून बरं होणं' या कल्पनेला शास्त्रात जागा मिळाली. कलकत्त्याला गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली मनोविश्लेषणाची भारतीय संस्था काढली आणि फ्रॉइडशी पत्रातून वादही घातले. वर्तनवाद्यांचं म्हणणं, भीती शिकलेली असते, तर ती विसरायलाही शिकवता येते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्सनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या मुलाला आवडीचं खायला देत देत ससा हळूहळू जवळ आणला आणि भीती घालवली.

पण रोजच्या कामात मला सगळ्यात उपयोगी पडतात ते माणसाचे विचार तपासून उपचार करणारे अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक. आपल्याकडे एलिसचा विवेकनिष्ठ मानसोपचार कि. मो. फडके सरांनी मराठी माणसापर्यंत पोचवला. समोर मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या दुसऱ्या प्रयत्नात अडकलेला मुलगा बसलाय असं धरा. तो म्हणतो, "मार्क कमी पडले म्हणून मी खचलो." एलिस म्हणेल, मधली पायरी वगळलीस. मार्क कमी पडले ही घटना. खचणं हा परिणाम. मध्ये एक वाक्य बसलंय: "मला मेडिकल मिळालंच पाहिजे, नाही मिळालं तर माझी किंमत शून्य." वाईट वाटणं योग्यच, ते घालवायचं नाही. त्या 'च'शी भांडायचं. आणि नुसतं बोलून नाही, गृहपाठ देऊन: ज्या मित्राला टाळतोयस त्याला ह्या आठवड्यात भेट आणि बघ तो काय म्हणतो.

ओसीडीचं, म्हणजे तीच शंका येऊन तीच कृती पुनःपुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचं, जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या घरांत तो सोवळ्याआड लपतो. सोवळं पाळणाऱ्या आजी आंघोळ करतात, रेशमी वस्त्र नेसतात, स्वयंपाक करतात आणि समाधानानं जेवतात. ओसीडीची बाई आंघोळ करून बाहेर येते, दाराच्या कडीला हात लागला का, या शंकेनं परत आत जाते. पुन्हा तेच. दुपारी तीनला पोळ्या व्हायच्या असतात आणि हाताची सालं निघालेली असतात. तिला स्वतःला हे पटत नसतं, पण थांबता येत नाही. घरचे म्हणतात, "फार कडक आहे हो ती." उपचारात आम्ही तिला कडीला हात लावायला सांगतो आणि हात धुवायचा नाही. बेचैनी चढते, घाम फुटतो, असह्य होते, आणि थांबलं की हळूहळू आपोआप उतरते. हे शरीराला पुनःपुन्हा अनुभवायला लावायचं. शब्दांनी समजूत घालून हे होत नाही, आणि नवऱ्यानं "लागला नाही गं हात" असं प्रत्येक वेळी सांगणं हेही बंद करावं लागतं. त्यानं आजार पोसला जातो.

द्राक्षवेल_निफाड

ताई, समुपदेशक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ, यात जायचं कोणाकडे? आम्हाला सगळे सारखेच.

समुपदेशक_गंगापूररोड

दादा, मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनाच्या आजारांत एमडी किंवा तत्सम केलेले डॉक्टर, औषध तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, ते चाचण्या आणि मानसोपचार करतात. 'समुपदेशक' अशी पाटी मात्र कोणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण विचारा. लाजू नका. झोप-भूक उडालीय, भास आहेत, जिवाचं बरंवाईट करायचे विचार आहेत, तर थेट डॉक्टर.

द्राक्षवेल_निफाड

बरं झालं विचारलं. आमच्याकडे गारपिटीनंतर माणसं गप्प होतात. कर्ज, बाग, बेदाण्याचा भाव यावर सगळे बोलतात, माणसावर कोणी नाही. आम्ही गटातल्या पाच-सहा जणांनी एक केलं, फवारणीची औषधं घरात ठेवायची नाहीत. मळ्यातल्या पेटीला कुलूप, आणि किल्ली दुसऱ्याच्या घरी. भांडणाच्या रात्री हाताशी बाटली नसली की सकाळ उजाडते. आणि वाचलेल्या माणसावर पोलीस केस होते म्हणून लोक दवाखान्यात न्यायला घाबरतात, त्याचं काय?

निवासी_डॉक्टर

घाबरू नका, आधी दवाखाना. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ असं धरतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता, त्याला शिक्षा नाही, उलट सरकारनं काळजी आणि उपचार द्यायचे. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ नाहीच. तुमची कुलपाची युक्ती जगभर आत्महत्या रोखण्याच्या उपायांत अगदी वरच्या रांगेत आहे.

संशयात्मा

आणि गोळ्यांची सवय? ती एकदा लागली की आयुष्यभर, असं माझ्या मावसभावाचं झालं.

मेडिकलवाला

कुठली गोळी, ते विचारल्याशिवाय उत्तर नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम असल्या शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, खरी गोष्ट. म्हणून त्या शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. मला वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं हे लिहून तीन वर्षं जपावं लागतं. "जुनीच चिठ्ठी आहे, द्या ना एक पट्टी" म्हणणाऱ्याला नाही म्हणून मी गिऱ्हाइकं घालवलीत. नैराश्यावरच्या हल्लीच्या गोळ्यांची तशी तलफ लागत नाही. त्यांची अडचण वेगळी: गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तच, आणि मळमळ पहिल्याच आठवड्यात. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर. लोक आठव्या दिवशी सोडतात. आणि बंद करताना एकदम नाही, डॉक्टरला विचारून उतरत्या क्रमानं. लिथियमवाल्यांनी रक्तातली पातळी, थायरॉइड, किडनी वेळच्या वेळी तपासायची, यात हयगय नको.

संपादक मंडळ

विनंती: कोणीही इथे डोस लिहू अथवा विचारू नये. असे दोन प्रतिसाद काढले आहेत.

गोदाकाठची_मनू

भगताचा विषय राहिला. भगतानं ऐकून घेतलं तर ठीक, पण मिरचीची धुरी देणारे, साखळीनं बांधून फोडून काढणारे आहेत त्यांचं काय? २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच झाला, डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधणं, धुरी देणं हे त्यात गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. पूजा करायला त्यात मनाई नाही. लोक उगाच घाबरवतात.

कावेरी_सातपूर

आमच्या भगतानं हात नाही लावला कधी. उलट दुसऱ्या खेपेला त्यानंच आईला सांगितलं, "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही, डॉक्टरला दाखव." डॉक्टरसाहेब, अजून एक. विमा कंपनी म्हणाली मानसिक आजाराला क्लेम नसतो. आणि तो कायदा म्हणताय त्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' की काय आहे, त्याला वकील लागतो का?

निवासी_डॉक्टर

विम्याचं: त्याच कायद्याचं कलम २१ सांगतं की शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजारालाही द्यायचा. नकार लेखी मागा आणि पॉलिसीची प्रत घेऊन कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, मग विमा लोकपालाकडे जा.

प्रतिनिधीचं: भाऊ बरा असताना त्यानं स्वतः साध्या कागदावर लिहायचं की मला दाखल करायची वेळ आली तर माझ्या वतीनं अमुक माणूस बघेल. खाली सही किंवा अंगठा. स्टॅम्प पेपर नको, वकील नको. पुढे मन बदललं तर तो नावही बदलू शकतो. आणि रात्री-अपरात्री काही वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात.

कावेरी_सातपूर

मग या रविवारीच बसवते त्याला. त्याला आईचं नाव नकोय, धाकट्या मामाचं घालायचंय, असं तो मागेच म्हणाला होता. आई रुसेल.

निवासी_डॉक्टर

रुसू देत. मामा सज्ञान हवेत आणि त्यांची तयारी त्यांच्याकडूनही लिहून घ्या. एक प्रत फाईलला लावा, एक मामांकडे.